गच्चीवरच्या वायरचा हिशेब

सोलर बसवून आम्हाला वर्ष झालं होतं. पुढच्या जुलैत इन्व्हर्टर सकाळी चालूच होईना. लाल दिवा लागायचा, पडद्यावर ‘पीव्ही आयसोलेशन लो’ अशी सूचना यायची आणि दहा-साडेदहाला मळभ विरून ऊन पडलं की तो आपोआप सुरू व्हायचा. चार दिवस हेच. ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांना फोन केला, त्यांनी एक मुलगा पाठवला. पंचविशीच्या आतला, चपळ, कष्टाळू. शिडीवरून सरसर वर गेला, बघून खाली आला आणि इन्व्हर्टरला जोडलेली हिरवी तार सोडवायला लागला. “काका, हिच्यामुळेच होतंय. ही काढली की अलार्म बंद.”

हिरवी तार म्हणजे अर्थिंग. मी त्याचा हात धरला आणि आमच्या वाडीतल्या एका निवृत्त वायरमनना बोलावणं धाडलं. त्यांनी तारेचं आवरण तपासणारा मेगर लावला, पत्र्यावर चढून केबल हाताने चाचपत गेले. स्लॅबवरच्या शेडच्या पत्र्याच्या धारेवर केबल घासून तिचं आवरण फाटलं होतं, आणि एक कनेक्टर पन्हळीतल्या पाण्यात पडून होता. रात्रभर झड लागली की तो भाग भिजायचा आणि पॅनेलचा करंट पत्र्यात उतरायचा. इन्व्हर्टर तेच सांगत होता आणि म्हणून चालू व्हायला तयार नव्हता. शेडच्या त्याच लोखंडी खांबाला आमची कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. तार काढली असती तर अलार्म खरोखर बंद झाला असता. इन्व्हर्टर चालू राहिला असता, बिल कमी येत राहिलं असतं आणि पत्र्यात करंट तसाच राहिला असता. अलार्म कशासाठी वाजतो हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. दुरुस्तीला ४,३०० रुपये गेले. सुरुवातीलाच केबल पाइपातून घेतली असती तर यातला बहुतेक खर्च टळला असता.

रत्नागिरीत आता नाचणे, शिरगाव, कुवारबावपासून पावसपर्यंत गच्च्यांवर पॅनेल दिसू लागली आहेत. चौकशीला येणारे सगळे किलोवॅटचा भाव विचारतात, अनुदान विचारतात, पैसे किती वर्षांत वसूल होतील ते विचारतात. वायरचं कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख वायरचा, अर्थिंगचा आणि ती जोडणाऱ्या माणसाच्या माहितीचा भाव सांगण्यासाठी आहे.

आधी एकूण आकडा

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळतं. म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये, त्याच्या वर नाही. हे पैसे यंत्रणा चालू होऊन कागद पुरे झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, त्यामुळे भाव थोडा चढा असतो.

तीन किलोवॅटला म्हणजे ५४० वॉटच्या सहा पॅनेलना बाजारात साधारण दीड ते दोन लाखांपर्यंतची कोटेशनं येतात. आपण मधला आकडा धरू, १,७०,००० रुपये. त्यावर जीएसटी. सोलरच्या कामात बिलाचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के भाग सेवा धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, सेवेवरचा १८ टक्के तसाच राहिला. त्यामुळे एकूण कर १३.८ वरून ८.९ टक्के झाला. आपल्या उदाहरणात कर पूर्वी २३,४६० रुपये झाला असता, आता तो १५,१३० होतो. बिल १,८५,१३०, अनुदान वजा जाता खिशातून १,०७,१३०.

करात वाचलेले ८,३३० रुपये लक्षात ठेवा. ते कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी, इन्व्हर्टरची कंपनी, किती वर्षांची हमी हे ठळक छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: ‘केबल, अर्थिंग, डीबी व इतर साहित्यासह’. भावाची घासाघीस सुरू झाली की पॅनेलचा दर हलत नाही, तो सगळ्या विक्रेत्यांकडे जवळपास सारखाच असतो. कापाकापी होते ती या ओळीत, आणि तिथे काय कमी झालं हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

घरच्या वायरमनला जे ठाऊक असतं, ते वर का लागू पडत नाही

घरातली वायरिंग वीस वर्षं करणारा माणूस एका भरवशावर काम करतो: मेन स्विच पाडला की लाइन मेली, आणि कुठे शॉर्ट झालं तर फ्यूज उडेल किंवा एमसीबी पडेल. घरात हे खरं आहे. गच्चीवर दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात.

सूर्य मेन स्विचने बंद होत नाही. एका पॅनेलच्या मोकळ्या टोकांवर साधारण ५० व्होल्ट असतात. सहा एकामागे एक जोडली की ३०० च्या आसपास. खालचे सगळे खटके पाडले तरी पॅनेलपासून खटक्यापर्यंतच्या तारेत दिवसाउजेडी हा दाब राहतोच. पावसाळी ढगाळ दिवशीही राहतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घरात शॉर्ट झालं की महावितरणच्या लाइनमधून शेकडो अँपिअर करंट धावतो, म्हणून फ्यूज उडतो. पॅनेल मात्र चालताना १३ अँपिअर देतं आणि त्याच्या दोन तारा एकमेकींना चिकटवल्या तरी १४ च देतं. १५ किंवा २० अँपिअरच्या फ्यूजला यात काही वावगं झालंय हे कळतच नाही. सहा पॅनेलच्या एकाच माळेत डबीतला फ्यूज शॉर्टसर्किटपासून वाचवत नाही. तो उपयोगी पडतो तीन किंवा जास्त माळा एकत्र जोडलेल्या मोठ्या यंत्रणेत.

तिसरी बाब ठिणगीची. घरातला एसी करंट सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका पाडताना उडालेली ठिणगी विझते. पॅनेलचा डीसी करंट शून्यावर येतच नाही. सैल कनेक्टरमध्ये एकदा ठिणगी धरली की ती वेल्डिंगच्या ज्योतीसारखी पेटून राहते, आणि आजूबाजूचं प्लास्टिक जळेपर्यंत खाली कोणाला पत्ता नसतो. म्हणून डीसीच्या डबीत एसीचा एमसीबी बसवणं ही निव्वळ काटकसर नसते, ते आगीचं कारण असतं. डीसीच्या काही एमसीबींना प्लस-मायनसची दिशा असते. उलटे जोडले तर पाडताना आतल्या आत जळतात. ही दिशा त्यावर बारीक छापलेली असते, ती वाचणारा माणूस हवा.

तो माणूस आपल्या गच्चीवर चढतो आहे का, हे ठरवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याला काम सुरू होण्याआधी विचारणं. मी आता ओळखीच्यांना तीनच प्रश्न विचारायला सांगतो. पहिला, “भर उन्हात एखादं कनेक्टर सोडवायचं असेल तर कसं सोडवाल?” जाणकार सांगेल: आधी एसीचा खटका, मग डीसीचा, मग क्लँप मीटर लावून तारेत करंट शून्य आहे हे बघणार, मगच कनेक्टर उघडणार. “ओढलं की निघतं” हे उत्तर आलं तर त्याला वर पाठवू नका. दुसरा, “एमसी-फोरची पिन कशाने दाबता?” एमसी-फोर म्हणजे पॅनेलच्या तारांचं कनेक्टर. त्याच्या पिनसाठी वेगळं क्रिंपिंग टूल मिळतं, दीड-दोन हजारांचं. पक्कडीने दाबलेली पिन त्या दिवशी चालते, सहा महिन्यांनी तापते. तिसरा, “मेगर आणलाय का?” मेगर म्हणजे तारेचं आवरण शाबूत आहे का हे मोजायचं यंत्र. ते दहा हजारांच्या आसपास जातं, प्रत्येक टोळीकडे नसतं. पण ज्याने ते कधी वापरलेलंच नाही त्याचा चेहरा प्रश्न ऐकताच सांगतो.

वेगवेगळ्या कंपन्यांची नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसतात, टक् असा आवाजही येतो. तरीही आतला धातूचा भाग नीट टेकत नाही. पॅनेलच्या मागून येणारं कनेक्टर ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं जोडीला हवं. अमेरिकेत वॉलमार्टने ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या सात दुकानांच्या छतांवरच्या आगींबद्दल टेस्ला कंपनीवर दावा लावला, तेव्हा जोडणीतल्या हलगर्जीपणाचा आरोप त्यात होता. नोव्हेंबरमध्ये दोघांनी तडजोड केली. एवढ्या मोठ्या व्यवहारातही भांडण येऊन थांबलं ते जोडकामावर.

खारा वारा, पागोळ्या आणि जांभा

देशावर चालणारं साहित्य इथे चालेलच असं नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा. पितळी भांड्याला कल्हई नसली की ते कळकतं, तसंच तांब्याच्या तारेचं होतं. सोलरसाठी बनवलेल्या केबलमधलं तांबं म्हणूनच कल्हई केलेलं असतं. चिमटीत धरून सोला, आत पांढरट चंदेरी तारा दिसल्या पाहिजेत. लालबुंद तांबं दिसलं तर ती घरगुती वायर आहे. केबलवर आयएस १७२९३ किंवा ईएन ५०६१८ छापलेलं असतं, ते वाचा. चार चौरस मिलिमीटरच्या या केबलला मीटरमागे ६० ते ८० रुपये पडतात, घरगुती वायरला ४० च्या आसपास. एका घराला जाऊन-येऊन ५० मीटर धरली तर फरक एक ते दोन हजारांचा. साधी वायर उन्हात चार-पाच वर्षांत तडकते, आणि पॅनेल पंचवीस वर्षांसाठी घेतलेलं असतं.

केबल पाइपातून न्यावी आणि पाइप पत्र्याच्या कडेवरून वळतो तिथे रबरी बूच किंवा तुकडा असावा. उंदीर आणि खारी उघडी केबल कुरतडतात. वानर तर ओढूनच बघतात. बांधायला साध्या प्लास्टिकच्या पट्ट्या वापरल्या तर दोन उन्हाळ्यांत त्या मोडतात आणि केबल पत्र्यावर लोळायला लागते. आमच्याकडे झालं ते असंच. उन्हात टिकणाऱ्या काळ्या पट्ट्या किंवा स्टीलच्या पट्ट्या मागा, दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे.

डबीत केबल नेहमी खालून शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ हवा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकतं आणि डबीत जात नाही. वरच्या बाजूने भोक पाडून केबल घातलेली डबी दिसली तर काम तिथेच थांबवा. पाणी काय करतं हे ऑस्ट्रेलिया महागात शिकला. तिथल्या नियमाने प्रत्येक छतावर पॅनेलजवळ एक डीसी खटका सक्तीचा केला होता, सुरक्षेसाठीच. त्याच खटक्यांत पाणी शिरून आगी लागायला लागल्या, आणि २०२१ च्या सुधारित मानकात ती सक्ती काढून टाकावी लागली. आपल्या पावसात छतावर जितक्या कमी डब्या तितकं बरं. खटके आणि डब्या वळचणीच्या आत, भिंतीवर, हात पोचेल तिथे असाव्यात.

पॅनेलची अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची अर्थिंगची तार थेट एकमेकांना टेकली की खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मधे कल्हईची लग किंवा दोन धातूंचा वॉशर लागतो. पॅनेल ज्यावर बसतात त्या चौकटीचं लोखंड गरम जस्तात बुडवून काढलेलं असावं, नुसता चंदेरी रंग मारलेलं नको. समुद्राजवळ म्हणजे मिरकरवाडा, मांडवी, भाट्ये, गणपतीपुळे या पट्ट्यात राहत असाल तर पॅनेलने क्षारांच्या धुक्याची आयईसी ६१७०१ ही चाचणी पार केली आहे का ते विक्रेत्याला विचारा. बहुतेक चांगल्या कंपन्यांकडे तो दाखला तयार असतो.

आता अर्थिंग. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पैसे सगळ्यात जास्त याच्यात वाचवले जातात आणि आपली जमीन याला सगळ्यात प्रतिकूल आहे.

रत्नागिरी शहर आणि भोवतालचे सडे जांभ्याचे. जांभा पाणी धरत नाही. पावसात ओलाचिंब, मे महिन्यात खडखडीत. अर्थिंगला ओलावा हवा. जुलैत खड्ड्याचं मोजमाप घेतलं तर ते चांगलंच येणार. तोच खड्डा मेमध्ये कित्येक पट वाईट असू शकतो. आणि विजा कडाडतात त्या मे-जूनच्या वळवाला आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला. म्हणजे पहिली वीज चमकते तेव्हा जमीन सगळ्यात कोरडी असते.

सोलरला सहसा तीन अर्थिंग करतात: पॅनेल आणि चौकटीचं, इन्व्हर्टर-एसी बाजूचं, आणि वीजरोधकाचं. जुन्या पद्धतीचा मीठ-कोळशाचा खड्डा स्वस्त पडतो, पण त्याला उन्हाळाभर पाणी घालावं लागतं आणि मीठ नळी खातं. तयार इलेक्ट्रोड आणि त्याभोवती ओल धरणारं मिश्रण, ज्याला सगळे केमिकल अर्थिंग म्हणतात, ते जांभ्यात जास्त टिकतं. एकाला साधारण ४,००० ते ५,००० रुपये. मिश्रणाच्या पिशव्या किती घातल्या ते उभं राहून बघा, कारण खड्डा बुजल्यावर ते कोणाला दिसत नाही. जांभा फोडायला ब्रेकर लागला तर त्याचे वेगळे पैसे मागतात. ते मागणं रास्त आहे, फक्त आधी ठरवून घ्या. दोन फूट खणून खडक लागला म्हणून नळी आडवी घालून माती लोटलेली मी पाहिली आहे.

रोध पाच ओहमच्या आत यावा असं धरून चला. एकात आला नाही तर थोड्या अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडायचे. मोजायचं यंत्र असतं, त्याला अर्थ टेस्टर म्हणतात. तोंडी “मस्त आलंय” चालणार नाही, आकडा कागदावर हवा.

वीजरोधकासाठी साधी टोकदार तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची काडी, तिची पट्टी आणि खड्डा एवढं घराला पुरतं. ‘शंभर मीटरपर्यंतची वीज ओढून घेतो’ असं सांगून दहा-पंधरा हजारांचा गोलाकार वीजरोधक विकायला येतात. त्या प्रकाराला आयईसी ६२३०५ या मानकात जागा नाही. ते पैसे अर्थिंगच्या खड्ड्यात घाला. विजेच्या दाबाचा उसळता लोंढा अडवणारं एसपीडी नावाचं छोटं उपकरण मात्र डीसी आणि एसी दोन्ही डब्यांत हवंच. त्यावर एक हिरवी खिडकी असते. ती लाल झाली की उपकरणाने आपलं काम केलं, आता बदलायचं.

सगळं मिळून फरक किती पडतो? वरच्याच तीन किलोवॅटच्या यंत्रणेचा मी रत्नागिरीतल्या दुकानांत विचारून केलेला अंदाज असा. चांगल्या केबलला १,७५० रुपये जास्त. अस्सल कनेक्टरच्या चार जोड्यांना ६००. चांगल्या डीसी डबीला २,०००. एसी डबी आणि घराच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांना ३,०००. तीन अर्थिंगना ७,५००. पाइप, ग्लँड, लग, पट्ट्या यांना १,५००. बेरीज १६,३५०. त्यातले ८,३३० तुमचे करात वाचलेले आहेत. उरलेले ८,०२० रुपये खिशातून घाला. पॅनेल एक कंपनी सोडून दुसरीचं घेतलं तरी एवढा फरक पडतो.

आरसीसीबी म्हणजे करंटची गळती होताच लाइन तोडणारा खटका. त्याबद्दल एक सूचना. घरातल्या सर्किटना ३० मिलिअँपिअरचा बसवाच, सोलर असो-नसो. इन्व्हर्टरच्या वाटेवर मात्र कोणत्या प्रकारचा आणि किती मिलिअँपिअरचा हवा ते त्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका न बघता बसवला तर तो पावसात उगाच पडत राहतो, आणि कंटाळून कोणीतरी तो काढून थेट जोडून देतो.

कागद कोणाचे बघायचे

महाराष्ट्रात वीजजोडणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातून. हे परवाने राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. सूर्यघर योजनेत विक्रेता महावितरणकडे नोंदलेला असतो, त्याचं नाव राष्ट्रीय पोर्टलवर दिसतं. पण नोंदणी असते विक्रेत्याची. तो ऑर्डर घेतो आणि काम टोळीला देतो. टोळी बहुतेकदा चौकट उभी करणाऱ्या वेल्डिंगवाल्यांची असते आणि वायरही तेच ओढतात. त्यांना मजुरी किलोवॅटमागे ठरलेली, त्यामुळे दिवसात दोन घरं उरकायची घाई.

म्हणून विचारायचं ते हे: वायर जोडणार त्या माणसाकडे तारतंत्र्याचा किंवा पर्यवेक्षकाचा परवाना आहे का, आणि तो त्या दिवशी इथे येणार आहे का? आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री दोन वर्षं शिकून येतो. रत्नागिरीतही शासकीय आयटीआय आहे. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ हा ६०० तासांचा अभ्यासक्रम देशभर चालवला. आयटीआय आणि त्यावर सूर्यमित्र असा माणूस मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्यायला मागेपुढे पाहू नका. नुसतं सूर्यमित्रचं प्रमाणपत्र म्हणजे वीजजोडणीचा परवाना नव्हे, हेही लक्षात असू द्या.

घाईने काय होतं याचं एक उदाहरण इथल्या प्रत्येक विक्रेत्याला सांगावं असं आहे. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये सरकारने घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक थर बसवायला अनुदान दिलं. रातोरात शेकडो नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, न शिकलेली पोरं कामाला लागली. चार तरुण कामगार मेले, त्यातले तिघे विजेच्या धक्क्याने. योजना २०१० मध्ये गुंडाळावी लागली आणि पुढे त्यावर चौकशी आयोग बसला. ती योजना चांगलीच होती. तिच्यासाठी लागणारे हात मात्र तयार नव्हते.

आपल्या गच्चीवर चढणाऱ्याच्या जिवाची काळजी हाही आपल्या खर्चाचा भाग आहे. कमरेचा पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय पत्र्यावर चढू देऊ नका, आणि जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या छतावर नवं काम काढूच नका. टोळीतल्या प्रत्येकाचा अपघात विमा आहे का विचारा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. एवढंही विक्रेत्याने केलं नसेल तर तो तुमच्या वायरची काळजी घेईल असं मला वाटत नाही.

पैसे कसे द्यायचे

सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. पोर्टलवर ग्राहक आणि विक्रेता यांच्यातल्या कराराचा नमुना मिळतो, तो भरून सही करून घ्या. त्यात पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या अंगावर असते. शेवटचा दहा-पंधरा टक्क्यांचा हप्ता चाचण्यांचा कागद हातात आल्यावरच. कर्ज घेतलं असेल तर बँकेलाही हेच सांगा.

त्या कागदावर चार आकडे हवेत. पॅनेलच्या माळेचा मोकळा दाब किती व्होल्ट. शॉर्ट करंट किती अँपिअर. केबलच्या आवरणाचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरवर किती आला, तो एक मेगओहमच्या खाली नसावा, नव्या कामाला त्याहून कितीतरी जास्त येतो. आणि प्रत्येक अर्थिंगचा रोध किती ओहम. खाली ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक आणि सही. घरगुती लहान यंत्रणा बघायला विद्युत निरीक्षक प्रत्येक गच्चीवर चढत नाही. महावितरणचे लोक येतात ते मुख्यतः नेट मीटरसाठी. वायर बघणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. स्वतःला समजत नसेल तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या एखाद्या परवानाधारक वायरमनला मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन बोलवा. एका भेटीचे दीड ते अडीच हजार होतील.

एक गोष्ट कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. लाइट गेली की साधं सोलरही बंद पडतं. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण नाहीतर आपला करंट बाहेरच्या तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला मारेल. आपल्याकडे वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते, निसर्ग आणि तौक्ते चक्रीवादळांच्या वेळी त्याहून कितीतरी जास्त दिवस नव्हती, म्हणून लोक चिडतात आणि एखादा मुलगा म्हणतो, “काका, एक चेंजओव्हर टाकून देतो, चालेल.” बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. तो बॅटरीसह खर्च बराच वाढवतो. परवडत नसेल तर दिवे-पंख्यांपुरता जुना घरगुती इन्व्हर्टर वेगळा ठेवा. जनरेटर आणि सोलर एकाच लाइनवर कोणीही जोडू नये.

इन्व्हर्टर किती उंचीवर लावायचा हे चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर सांगावं लागत नाही. नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या घरात तो वरच्या मजल्यावरच हवा. पुराचं पाणी ओसरत असताना सूर्य उगवला की पॅनेल जागी होतात, आणि पाण्यात बुडालेल्या डबीत ३०० व्होल्ट असतात. वीस मीटर जास्त केबल लागली तरी लागू दे. आग लागली तर पॅनेलवर बादलीने पाणी मारू नका. अग्निशमन दलाला १०१ वर आणि महावितरणला १९१२ वर कळवा, आणि आलेल्या जवानांना सगळ्यात आधी सांगा की छतावरच्या तारा चालू आहेत.

आधीच बसवलं असेल तर

ज्यांच्याकडे दोन-चार वर्षांपूर्वीचं सोलर आहे त्यांना माझं सांगणं आहे की वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. कनेक्टर तापून पिवळी-तपकिरी पडली आहेत का, डबीत पाणी, मुंग्या किंवा पाल आहे का, एसपीडीची खिडकी हिरवी आहे का, अर्थिंगची तार चौकटीला घट्ट आहे का, एवढं तर खाली उभं राहून आणि डबीचं झाकण उघडणाऱ्याला विचारून कळतं. झाकण स्वतः उघडू नका. मेगर आणि अर्थिंगचं मोजमाप परवानाधारक वायरमनकडून. केबल बदलायची वेळ आली तर मजुरीसह तीन ते सहा हजार, अर्थिंग नवं घ्यायचं तर वर दिलेला भाव.

मुंबईत राहणाऱ्यांची बंद घरं ही वेगळी काळजी. महिनोन्‌महिने अलार्म वाजत राहतो आणि ऐकणारं कोणी नसतं. इन्व्हर्टरला वायफाय किंवा सिमकार्डची जोड घ्या, म्हणजे बिघाडाची सूचना मोबाइलवर येईल. ती आली तर शेजाऱ्याला डबीला हात लावायला सांगू नका. वायरमन पाठवा.

आमच्या इन्व्हर्टरच्या शेजारी आता एक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद चिकटवलेला आहे. त्यावर दरवर्षीचे चार आकडे आणि तारीख. अर्थिंगचा आकडा आम्ही मेमध्येच घेतो. तुम्हीही घ्यायचं ठरवलंत तर वायरमनला एप्रिलअखेर सांगून ठेवा, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तो मिळत नाही. पावसाआधीची कामं तेव्हा सगळ्यांचीच निघालेली असतात.